ओळखीच्या हाताची चव

घरचे जेवण आणि हॉटेलचे जेवण यांतील फरक सांगणे सोलापुरात तसे अवघड आहे. इथल्या हॉटेलांत आणि खानावळींतही ताटात ज्वारीची कडक भाकरी, शेंगा चटणी आणि आमटी येते. ज्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तीच ज्वारी घरच्या डब्यात असते आणि हॉटेलच्या कोठीतही. पदार्थ तोच, धान्य तेच. मग हॉटेलच्या थाळीतले दोन घास खाऊन हात धुणारी वृद्ध व्यक्ती घरी अर्धी भाकरी सहज कशी संपवते?

हा प्रश्न आमच्या घरात दोन वर्षांपूर्वी उभा राहिला. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया होऊन आई घरी आली. धावपळ फार होती, म्हणून आम्ही तिच्यासाठी हॉटेलचा डबा लावला. जेवण खरोखर चांगले होते. पण आई थोडा ताकभात खाऊन ताट बाजूला सारू लागली. आजारपणामुळे भूक मेली असेल, अशी आम्ही समजूत करून घेतली. एका दुपारी डबा आला नाही. पत्नीने घरातली कडक भाकरी बारीक मोडली, वाफाळत्या आमटीत भिजवली आणि वाटी आईपुढे ठेवली. आईने ती संपवली आणि विचारले, "आमटी आणखी आहे का गं?" आठ दिवसांत तिने प्रथमच काही मागून घेतले होते. दात गेल्यापासून आई भाकरी अशीच भिजवून खाते, हे पत्नीला ठाऊक होते. हॉटेलला ते ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

वाढत्या वयात गंधाची आणि चवीची जाणीव मंदावते. काही औषधांनी तोंडाची चव बदलते, कवळीमुळे चावणे त्रासाचे होते. अशा वेळी भूक चाळवण्याचे काम बरेचसे वासावर येऊन पडते. गंधाच्या संवेदनेचा मेंदूतील स्मृती आणि भावना यांच्या केंद्रांशी फार जवळचा संबंध असतो. तव्यावर भाजणाऱ्या भाकरीचा वास खोलीत पोहोचतो, तेव्हा त्याच्यासोबत जुने घर, चूल आणि पंगतीतली माणसेही येतात. जेवणाची तयारी पहिल्या घासाच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. झाकण लावून आलेल्या डब्यात हा प्रारंभीचा भाग नसतो.

याचा अर्थ हॉटेल वाईट, असा नव्हे. शंभर जणांना रोज एकच चव देणे हे त्याचे कौशल्य आहे. नातवंडांसोबत कधीतरी बाहेर जाऊन खाल्लेला डोसा आजोबांचे मन प्रसन्न करतो; तो आनंद नाकारू नये. घरची चव मात्र दिवसागणिक माणसाकडे पाहून बदलते. आज खोकला आहे, म्हणून आंबट कमी. काल पोट बिघडले होते, म्हणून आज मुगाची खिचडी.

मात्र घरचे म्हणून सारेच निर्धोक नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सुमारे एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. शेंगा चटणी, लोणचे आणि पापड यांतले मीठही त्यातच धरायचे. रक्तदाब असणाऱ्यांसाठी चटणी कुटताना मीठ कमी करून लसूण आणि जिरे थोडे वाढवता येतात. कोरड्या चटणीने ठसका लागत असेल, तर ती दह्यात कालवावी. प्रत्येक घासाला ठसका लागत असेल किंवा कारणाशिवाय वजन घटत असेल, तर डॉक्टरांना दाखवण्यास विलंब करू नये.

ज्यांना रोज स्वयंपाक करणे शक्य नाही, त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. मुंबईच्या गिरणगावात गाव सोडून आलेल्या हजारो कामगारांना खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांनी जेवू घातले. त्यांच्या कष्टांना आधार मिळावा म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या स्त्रिया कामगारांच्या नात्यातल्या नव्हत्या. तरी कोणाला काय रुचते, हे रोज वाढून वाढून त्यांच्या हाताला कळत असे. आपणही डबा देणाऱ्या ताईंना मोकळेपणाने सांगावे : भाकरी मऊ हवी, तिखट कमी हवे. आलेले अन्न गरम करून वृद्धांच्या नेहमीच्या ताटात वाढावे आणि शक्य तेव्हा सोबत बसून जेवावे.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा उमगली. जिने पन्नास वर्षे सर्वांना वाढले, तिला केवळ वाढून घेणे जड जाते. शेंगा सोलणे, लसूण निवडणे, आमटीची चव पाहून मीठ सांगणे, अशी बसून होणारी कामे तिच्याकडे राहू द्यावीत. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी हालचाल वाढवायला सांगितली, तेव्हा आई टेबलाशी खुर्चीवर बसली आणि सुनेला म्हणाली, "भाकरी मी थापते. तू फक्त तवा बघ."

पहिल्या भाकरीचे काठ चिरले. ती तिने स्वतःसाठी ठेवली. दुसरी चांगली फुगली. ती माझ्या ताटात टाकून आई म्हणाली, "गरम आहे तोवर खा." मग आमटीची वाटी पुढे ओढून तिने आपली भाकरी मोडायला घेतली. त्या दिवशी तिने ती पूर्ण संपवली.