‘येते’, ‘येत आहे’ आणि ‘येईल’ : गाडीच्या वेळेसंबंधी तीन विधाने

थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न एकच असतो : गाडी केव्हा येईल? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर शेजारी उभा असलेला देई, आणि त्याच्या क्रियापदावरूनच त्याच्या ज्ञानाचा आधार कळून येई. ‘दहाला येते’ असे तो म्हणाला, तर त्याने नित्यक्रम सांगितला. ‘येत आहे’ म्हणाला, तर गाडी डोळ्यांनी पाहिली. आणि ‘येईल’ म्हणाला, तर केवळ अंदाज केला. आज हेच उत्तर मोबाइलच्या पडद्यावर ‘५ मिनिटे’ अशा क्रियापदहीन रूपात मिळते. या आकड्यामागे कोणत्या प्रकारचे ज्ञान असते आणि ते झाकले गेल्याने काय बिघडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम ‘येते’ या विधानाचा आधार पाहू. अमेरिकेतील पोर्टलंड शहराची वाहतूक-संस्था ‘ट्रायमेट’ आणि ‘गूगल’ यांच्या सहकार्याने २००५ च्या डिसेंबरात प्रवासाची आखणी करून देणारी सोय सुरू झाली. तिच्यासाठी ठरविलेली वेळापत्रकाच्या मांडणीची पद्धत पुढे ‘जी.टी.एफ.एस.’ या नावाने जगभर रूढ झाली. तिच्यात थांबे, मार्ग, फेऱ्या, प्रत्येक थांब्यावरील वेळा आणि सेवेचे दिवस यांची साधी कोष्टके असतात. मध्यरात्रीनंतरची फेरी आदल्या दिवसाच्या सेवेतच मोडत असल्यामुळे रात्रीचा सव्वा वाजल्याची नोंद तेथे २५:१५ अशी होते. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत दिवस मोजणाऱ्या पंचांगाच्या वाचकाला या गणनेचे नवल वाटू नये. ‘येथून तेथे कसे जावे’ या प्रश्नाचे उत्तर संगणक या कोष्टकांवरूनच काढतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रॅप्टर’ या रीतीत प्रथम एकाच गाडीने कोठवर जाता येते ते पाहतात, मग एकदा गाडी बदलून, मग दोनदा, असे टप्प्याटप्प्याने पुढे जातात. हे गणित कितीही अचूक असले, तरी त्याचे उत्तर ‘येते’ या कोटीतलेच राहते. आज ती फेरी सुटली की नाही, हे कोष्टकाला ठाऊक नसते.

‘येत आहे’ हे विधान उपग्रहाच्या साहाय्याने शक्य झाले. गाडीतील जी.पी.एस. यंत्र ठराविक अंतराने तिचे स्थान कळवीत असते. तिसरे विधान, ‘येईल’, हे या दोहोंच्या संयोगातून निघते. गाडीचे आताचे स्थान, वेळापत्रकाच्या मानाने झालेला उशीर आणि त्या रस्त्याचा पूर्वानुभव यांवरून पुढील थांब्याची वेळ अनुमानिली जाते. गाडी जितकी दूर, तितके हे अनुमान दुबळे. गाडी आरंभस्थानकावरच उभी असेल, तर ती वेळेवर सुटेल असे गृहीत धरण्यावाचून फारसे गत्यंतर नसते. अशा वेळी ‘येईल’ हे वस्तुतः वेष पालटलेले ‘येते’च असते.

अशा माहितीचा उपयोग मोठा आहे, याविषयी शंका नाही. सिअ‍ॅटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली ‘वनबसअवे’ ही सेवा सुरू केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासात, ही माहिती वापरणाऱ्या प्रवाशांनी आपली सरासरी प्रतीक्षा साडेसात मिनिटांची सांगितली, तर इतरांनी सुमारे दहा मिनिटांची. शिवाय माहिती नसलेल्यांना आपली प्रतीक्षा प्रत्यक्षाहून लांब वाटत होती. माहिती असलेल्यांना तसे वाटत नव्हते. म्हणजे आकडा नुसती वेळ सांगत नाही, तो मनाला धीरही देतो. नेमक्या याच कारणाने तो कोणत्या आधारावर उभा आहे हे कळणे अगत्याचे ठरते.

प्रस्तुत लेखकाला एका रात्री शेवटच्या बसची वाट पाहताना याचा प्रत्यय आला. पडद्यावर ‘४ मिनिटे’ होते, मग ३, मग १; आणि नंतर ती ओळच नाहीशी झाली. गाडी आली नाही. ती फेरी सुटलीच नसावी आणि घड्याळ पुढे सरकेल तसा वेळापत्रकातला आकडा उतरत गेला असावा, असे मागाहून ध्यानात आले. तोवर थांब्यावरील एका वृद्ध बाईंनी समोरून आलेली रिक्षा ‘बस येतेच आहे’ म्हणून सोडून दिली होती. त्यांना पडद्यावरचे तसे सांगणारा प्रस्तुत लेखकच होता. क्रियापद आकड्यात नव्हते. ते त्याने आपल्या पदरचे घातले होते.

हा दोष तंत्राच्या मर्यादेचा आहे, असे म्हणता येत नाही. २०११ साली याच पद्धतीला जोडलेल्या तात्कालिक माहितीच्या मांडणीत अनुमानातील संभाव्य चूक सेकंदांत नोंदविण्याची जागा आहे. ‘या थांब्याविषयी तात्कालिक माहिती नाही’ असे स्पष्ट सांगण्याचीही सोय आहे. म्हणजे यंत्रांच्या आपसांतील भाषेला हा विवेक येतो. तो प्रवाशाच्या भाषेत उतरविणे मात्र सेवा चालविणाऱ्याच्या इच्छेवर राहते. काही सेवा त्यासाठी रंग किंवा लहानशी खूण वापरतात. परंतु त्या खुणेचा अर्थ ज्याला कोणी सांगितलेला नाही, त्याच्या दृष्टीने ती असून नसल्यासारखीच.

मराठीत यासाठी नवी परिभाषा घडविण्याची आवश्यकता नाही. ‘वेळापत्रकाप्रमाणे १०.५० ला येते’, ‘निघाली आहे, सुमारे ५ मिनिटांत येईल’, ‘गाडीचा ठावठिकाणा नाही’ ही तीन वाक्ये पुरेशी आहेत. आपण मराठी माणसे घरातून पाऊल न टाकताच ‘हा आलोच’ म्हणतो, आणि ऐकणाराही त्या भूतकाळाचा खरा अर्थ ओळखून असतो. यंत्राच्या ‘आलीच’ची पारख प्रवाशाला अद्याप झालेली नाही. ती होईपर्यंत यंत्राने आपले क्रियापद गाळू नये, एवढीच अपेक्षा.