पडद्यावरचा हिरवा रंग

मासा साफ करताना पित्ताला सुरी लागली की मासा कडू होतो, हे खारदांड्याच्या कोळणीला कुणी शिकवावं लागत नाही. माणसाचं पित्ताशय काढणाऱ्या सर्जनची भीती वेगळी. पित्ताशय फुटलं तर धुऊन निस्तरता येतं. पण शेजारची मुख्य पित्तनलिका कापली गेली, तर रुग्ण वर्षानुवर्षं भोगतो.

१९९० साली जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी देशात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. छोटी छिद्रं, कमी दुखणं, लवकर सुट्टी. मात्र ही पद्धत जगभर पसरली त्या सुरुवातीच्या वर्षांत पित्तनलिकेच्या इजाही वाढल्या. पुढे २००३ मध्ये अमेरिकी सर्जननी अशी २५२ प्रकरणं तपासली. ९७ टक्क्यांत मूळ चूक हाताची नव्हतीच, डोळ्यांची होती: मुख्य नलिकाच पित्ताशयाची वाटली आणि कापली गेली.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं खरं काम इथे आहे. टोरोंटोच्या अमीन मदानींच्या चमूने बनवलेली प्रणाली शस्त्रक्रियेच्या चित्रावर सुरक्षित भाग हिरव्या रंगात आणि धोक्याचा भाग वेगळा दाखवते. ‘रोबोट ऑपरेशन करतो’ असं आपण सहज म्हणतो, पण ‘दा विंची’ या शस्त्रक्रियेच्या रोबोटचे हात सर्जनच हलवतो. २०२५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या यंत्राने पित्ताशयाची नलिका आणि धमनी क्लिप लावून कापण्याचा टप्पा स्वतःहून आठदा पार पाडला खरा. तो मेलेल्या डुकरांच्या अवयवांवर. तिथे ना रक्त वाहत होतं, ना श्वासाबरोबर पोट हलत होतं.

मला जास्त काळजी त्या हिरव्या रंगावर विसंबण्याची वाटते. पोलंडमध्ये मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत रुळली. त्यानंतर मदतीविना केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं. हा निव्वळ निरीक्षणाचा अभ्यास, त्यावरून कारण सिद्ध होत नाही. पण अनुभवी डॉक्टरांबाबत हे घडलं असेल, तर शिकाऊंचं काय? शिवाय पालिकेच्या रुग्णालयात पित्ताशयातले खडे अंगावर काढून उशिरा आलेल्यांचं पित्ताशय सुजलेलं, आतड्याला चिकटलेलं असतं. सोप्या शस्त्रक्रियांच्या चित्रफितींवर शिकलेली प्रणाली तिथे आत्मविश्वासाने चुकू शकते.

म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा: पडद्यावर प्रणाली एक सांगते आणि तुम्हाला दुसरं दिसतं, तेव्हा काय करता? आणि पोट उघडून पित्ताशय शेवटचं कधी काढलं होतं?