थंडीतली पद्मिनी : चोक ओढा, पण वेळेवर परत ढकला



संक्रांतीच्या तिळगूळ कार्यक्रमाला मी माझी जुनी प्रीमियर पद्मिनी घेऊन आलो होतो. तेव्हा एका तरुणाने विचारले, "काका, ही थंडीत चालू कशी होते? बाबांची गाडी घरी उभी आहे, सकाळी नुसती कुरकुरते. भंगारात द्यायचं चाललंय." उभ्या उभ्या सगळे सांगता आले नाही, म्हणून हा लेख. मी मेकॅनिक नाही, आयुष्य बँकेत गेले. पण ही गाडी तीस वर्षे स्वतः चालवतो आहे.

पद्मिनी मुंबईची, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. मूळ फियाट ११००. इंजिन १०८९ सीसीचे, कार्बोरेटरवर चालणारे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर तीही बंद झाली. आता उरल्या आहेत त्या घरोघरी जपलेल्या. सकाळी चालू होत नाही एवढ्यावरून त्यातली एखादी भंगारात जाऊ नये.

सचिनला कसली आली थंडी, असे म्हणाल. पण जानेवारीत पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो. लग्नकार्याला धुळ्याला मुक्काम केला तर त्याहून खाली. जुन्या इंजिनाला तेवढी थंडी पुरते.

कारण असे : पेट्रोल द्रवरूपात नीट पेटत नाही, त्याची वाफ हवेत मिसळावी लागते. गरम इंजिनात वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा हे प्रमाण योग्य. इंजिन थंड असले की बरेचसे पेट्रोल नळीच्या गार भिंतींवर थेंब होऊन बसते. सिलिंडरपर्यंत वाफ कमी आणि हवा जास्त पोहोचते, म्हणून ठिणगी पडूनही पेट घेत नाही. चोक ओढला की मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि पेटण्यापुरती वाफ मिळते.

माझी रोजची पद्धत सांगतो.

१. चोक पूर्ण ओढा. चोकची झडप असलेल्या कार्बोरेटरमध्ये ॲक्सिलरेटर एक-दोनदा दाबून सोडा. काही सोलेक्स कार्बोरेटरमध्ये झडपेऐवजी वेगळी स्टार्टर यंत्रणा असते. तिथे चालू करताना पाय लावू नका, नाहीतर तिची ओढ कमी होते. आपली कोणती आहे ते मेकॅनिकला एकदा विचारून ठेवा.

२. क्लच दाबून स्टार्टर पाच-सात सेकंदच फिरवा. नाही झाली तर अर्धा मिनिट थांबा. बॅटरीही थंडीने मंदावलेली असते.

३. पेट्रोलचा वास आला तर समजा, इंजिन ओव्हर झाले. चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि मग स्टार्टर मारा. पंपासारखे दाबत बसू नका.

४. चालू झाल्यावर चोक थोडा आत घ्या. मिनिटभराने, इंजिन एकसारखे चालू लागले की, हळू निघा. दहा-दहा मिनिटे जागेवर गरम करण्याची गरज नाही. हलक्या पायाने चालवताना इंजिन लवकर तापते. तापेल तसा चोक पूर्ण बंद करा.

चोक म्हणजे अल्पमुदतीचे कर्ज. गरजेला घ्यावे आणि लगेच फेडावे. हे मी नुकसान सोसून शिकलो. एकदा धुळ्याला निघालो आणि गप्पांच्या नादात चोक तसाच राहिला. पलसाण्यापुढे गाडी धक्के मारू लागली, मागे काळा धूर. प्लग काढले तर काजळीने माखलेले. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते आणि इंजिनाची झीज वाढते, हे तेव्हा कळले.

एवढे करूनही इंजिन तापायला फार वेळ लागत असेल तर थर्मोस्टॅट पाहून घ्या. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून आपल्याकडे तो बऱ्याचदा काढून टाकतात. मग हिवाळ्यात इंजिन लवकर गरम होत नाही आणि चोक लांबत जातो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. त्याची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते आणि जुन्या रबरी नळ्याही त्याने खराब होतात. त्या वर्षातून एकदा तपासा.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. बंद गॅरेजमध्ये किंवा शटर अर्धे वर करून इंजिन कधीही चालू ठेवू नका. चोकवर चालणाऱ्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड खूप असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस सावध होण्याआधी बेशुद्ध पडतो. गाडी चालू झाली की आधी बाहेर काढा, चोकचे पुढचे काम मोकळ्या हवेत.

तर त्या तरुण मित्राला सांगणे एवढेच : बाबांची गाडी विकण्याआधी बॅटरी चार्ज करा, प्लग साफ करा आणि एखाद्या सकाळी बाबांनाच चालवायला बसवा. चोक किती ओढायचा हे त्यांच्या हाताला अजून आठवत असेल.