संशोधक विद्यार्थ्यांचे सहकार्य आणि श्रेयाचा प्रश्न

पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्याच्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी १९६१ च्या सुमारास हॅमायसीन हे कवकनाशक प्रतिजैविक शोधून काढले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळते त्याला ‘स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना’ असे नाव आहे. पिंपरी हे गाव असे शास्त्रीय परिभाषेत जाऊन बसले.

असा शोध एकट्यादुकट्याच्या आवाक्यातला नसतो. सूक्ष्मजीव ओळखावयाचा एकाने, टाकीत त्याचे संवर्धन करावयाचे दुसऱ्याने, द्रव्य अलग करून त्याची रचना उलगडावयाची रसायनज्ञाने आणि त्याची विषाक्तता प्राण्यांवर तपासावयाची आणखी कोणी. आपल्याकडे मात्र पीएच.डी.चा विद्यार्थी यांतील एखादाच दुवा हाती घेऊन तो शेजारच्या विभागापासून जपत बसतो. याला कोतेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. प्रबंध स्वतःचा असावा, ही अट विद्यापीठाचीच आहे. मदत घेतली तर श्रेय वाटले जाईल, ही भीती तीतूनच येते.

ही भीती निराधार नाही. पुढे पिंपरीतही ज्याचे उत्पादन झाले ते स्ट्रेप्टोमायसीन १९४३ मध्ये अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात सेलमन वाक्समन यांच्या हाताखालील आल्बर्ट शाट्झ या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला सापडले. १९४४ च्या निबंधावर शाट्झ, एलिझाबेथ बुगी व वाक्समन अशी तीन नावे होती. एकस्वावर दोनच राहिली. मानधनावरून शाट्झ यांना १९५० मध्ये न्यायालयात जावे लागले व तडजोडीत त्यांचे सहसंशोधकत्व मान्य झाले. १९५२ चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या वाक्समन यांना मिळाले.

तेव्हा सहकार्याचा नुसता उपदेश करून भागणार नाही. कोणता प्रयोग कोणाचा, कोणाच्या प्रबंधात काय जाईल आणि निबंधावर नावे कोणत्या क्रमाने येतील, हे काम सुरू होण्यापूर्वीच मार्गदर्शकांच्या सहीने लिहून ठेवावे. पुढे काम पालटले तर ते टिपणही पालटावे. चाकणच्या एखाद्या वाहन कारखान्यातील तुटलेल्या सुट्या भागाचा अभ्यास धातुशास्त्राचा व यंत्रशास्त्राचा विद्यार्थी मिळून करीत असतील, तर कारखान्याकडून मिळालेली माहिती दोघांनाही वापरता येईल काय, हेही त्याच टिपणात नोंदलेले असावे. कारण कारखान्याची परवानगी बहुधा मागणाऱ्याच्याच नावे मिळते.