पोरगं रडलं की हातात मोबाईल? मग हट्ट आपणच वाढवतोय!

अहिल्यानगर | प्रतिनिधी

शेळीला कुंपणातल्या भगदाडातून एकदा हिरवा घास खायला मिळाला, की दुसऱ्या दिवशी ती बरोबर त्याच भगदाडापाशी जाते. तिला कुणी शिकवलेलं नसतं. केल्याचं फळ मिळालं, म्हणून ती ते पुन्हा करते. लहान मुलांचंही बरंचसं असंच असतं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर (1904-1990) यांनी हे पेटीतल्या उंदरांवर तपासलं. दांडी दाबली की खाऊ मिळतो हे कळल्यावर उंदीर पुन्हा पुन्हा दांडी दाबू लागले. याला मराठीत 'साधक अभिसंधान' म्हणतात आणि मिळणाऱ्या फळाला 'प्रबलन'. नाव अवघड आहे, पण गोष्ट घरोघरी घडते.

घरात काय होतं?

आई स्वयंपाकात असते, पोरगं मोबाईलसाठी रडतं. आई चार वेळा नाही म्हणते, पाचव्या वेळी देऊन टाकते. पोरगं गप्प होतं. इथं दोघंही शिकतात. रडलं की मोबाईल मिळतो, हे पोरगं शिकतं. मोबाईल दिला की शांतता मिळते, हे आई शिकते. कधी द्यायचा, कधी नाही, असं केलं तर हट्ट आणखी चिवट होतो, कारण 'आज मिळेल' ही आशा सुटत नाही.

द्यायचं बंद केलं की सुरुवातीला रडणं वाढतं. बरेच जण इथंच हार मानतात. घरातल्या सगळ्यांनी, आजी-आजोबांनीही, एकच नियम पाळला तर ते हळूहळू ओसरतं. मात्र मूल शांत खेळत असेल तेव्हा दोन मिनिटं जवळ बसा, बोला. नुसतं रडल्यावरच लक्ष दिलं, तर ते रडूनच लक्ष वेधणार.

बक्षीस कधी मिळतं, हे महत्त्वाचं

शासनानेही हा मार्ग वापरला आहे. 1992 पासून दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती-जमाती व भटक्या-विमुक्त कुटुंबांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला 1 रुपया उपस्थिती भत्ता ठरला. 1995 च्या पोषण आहार योजनेत 80 टक्के हजेरी असेल तर महिन्याला 3 किलो धान्य मिळायचं. धान्य घरी जायचं, तेही महिन्याने. सुप्रीम कोर्टाच्या 2001 च्या आदेशानंतर शाळेतच शिजवलेलं अन्न द्यायचं ठरलं. खिचडी त्याच दिवशी, त्याच मुलाच्या ताटात पडते. सहा वर्षांच्या लेकराला वर्षाअखेरचा हिशेब समजत नाही, आजचं ताट समजतं.

वर्गात काय करता येईल?

'शाब्बास' नुसतं म्हणू नका. 'आज पाढा न अडखळता म्हणलास', असं नेमकं आणि लगेच सांगा. काम लहान टप्प्यांत द्या. ज्याला पान वाचता येत नाही, त्याने एक ओळ वाचली तरी कौतुक करा, मग दोन ओळी मागा. सवय लागली की चांदण्या-शिक्के कमी करत जा. जे मूल आवडीने चित्र काढतं, त्याला त्यासाठी पैसे कबूल करू नका, आवड बक्षिसावर जाते.

छडीने पोरं गप्प बसतात, पण काय करायचं ते शिकत नाहीत. मारणारा दिसेनासा झाला की पुन्हा तेच. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे.

याला मर्यादाही आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून आई-बाप ऊसतोडीला निघाले, की चांदणी देऊन पोरगं वर्गात राहत नाही. तिथं हंगामी वसतिगृहच लागतं किंवा गावात सांभाळणारं माणूस. रोज उशिरा येणाऱ्या मुलाला शिक्षा करण्याआधी, सकाळी पाणी कोण भरतं, शेरडं कोण सोडतं, हे एकदा विचारून पाहावं.

आजपासून एवढंच करा : पोरानं केलेली एक चांगली गोष्ट हेरा आणि तिथल्या तिथं त्याला सांगा.