वांग आनयी : शांघायच्या मागच्या दाराची कादंबरीकार

वांग आनयी यांचं नाव निघालं की आपल्याकडचे दोन-चार चिनी साहित्याचे जाणकार ताबडतोब 'चिरंतन दुःखाचं गाणं' पुढे करतात आणि विषय मिटवून टाकतात. त्या कादंबरीशी माझं वाकडं नाही. पण वांगबाईंची खरी कादंबरी 'फू पिंग' आहे, हे मी गेली कित्येक वर्षं चर्चासत्रांत, पत्रांत आणि चहाच्या टपऱ्यांवर सांगत आलोय. लोक ऐकून घेतात आणि पुन्हा त्या गाण्याकडे वळतात. संपादकांनी यंदा पानं दिलीच आहेत, तर एकदाचं सविस्तर भांडून घेतो.

बाईंचा जन्म १९५४चा, नानजिंगचा. पुढल्याच वर्षी बिऱ्हाड शांघायला आलं. आई रू झिज्वान स्वतः नावाजलेल्या कथाकार. नव्या नवरीनं आपलं लग्नातलं लिलीच्या फुलांचं पांघरूण मेलेल्या कोवळ्या सैनिकावर घातलं, ही त्यांची १९५८ सालची कथा चीनमध्ये घरोघर माहीत आहे. वडील वांग श्यावपिंग सिंगापूरकडचे, नाटकवाले. क्रांतीच्या ओढीनं मायदेशी आले आणि पुढे 'उजवे' ठरवले गेले. हे घराणं मूळचं शांघायचं नव्हे. घरात बोलणं प्रमाण चिनीत, गल्लीत मात्र शांघायची बोली. बाईंना 'शांघायची लेक' म्हणून मिरवणाऱ्यांच्या हे गावीही नसतं. बाहेरून आलेल्या माणसाची नजर त्यांना घरातूनच मिळाली होती.

१९७० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्या आनहुई प्रांतातल्या खेड्यात शेतावर राबायला गेल्या. तिथून सुटका झाली ती चेलो वाजवता येत होता म्हणून. १९७२मध्ये शूचौच्या गायन-नृत्य पथकात लागल्या, १९७८ला शांघायला परतल्या आणि मुलांच्या मासिकात संपादकीय काम करू लागल्या. १९८३ साली आईबरोबर आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाला गेल्या. (आपले दिलीप चित्रे त्यांच्या काही वर्षं आधी तिथेच होते.) तिथे तैवानचे चेन यिंगचेन भेटले, तुरुंग भोगून आलेले डावे लेखक. या भेटीनं बाई आतून हलल्या. परत आल्यावर काही काळ लेखणीच चालेना. ती पुन्हा चालली ती 'बाव गाव' घेऊनच.

१९८५ म्हणजे चिनी कथेत 'मुळांच्या शोधा'चं वर्ष. जो तो डोंगरात, जंगलात, आदिम कथांत मुळं खणत होता. बाईंनी त्या गर्दीत पूर, उपासमार आणि नात्यागोत्यांचं एक गाव मांडलं. त्यात लावझा नावाचा एक पोर आहे. गावाच्या बोलीत गाळ म्हणावा तसं त्याचं नाव. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याशी त्याची गट्टी. पुरात त्याला वाचवायला जातो आणि बुडतो. इथवर कोणीही लिहील. खरी कादंबरी पुढे आहे. वर्तमानपत्रात मजकूर येतो, पोर आदर्श वीर ठरतो, त्याचं थडगं हलवून मानाच्या जागी नेतात आणि घरच्यांची परिस्थिती सुधारते. बाई कुठेही डोळा मारत नाहीत, शेरा मारत नाहीत. '१९४९नंतरचं चिनी साहित्य म्हणजे निव्वळ सरकारी भोंगा' असं एका परिसंवादात ठणकावून सांगणाऱ्या आमच्या एका विद्वान मित्राला मी हे पुस्तक दिलं होतं. ते अजून परत आलेलं नाही, मतही बदललेलं नाही.

त्यानंतरच्या तीन 'प्रेम' कादंबरिकांवरून १९८६-८७ला बराच गदारोळ झाला, कारण त्यांत स्त्रीच्या शरीराची भूक उघड होती. आज त्या वाचताना गदारोळच जास्त आठवतो. आईच्या आणि वडिलांच्या वंशाचा माग काढणारी नव्वदीतली दोन पुस्तकं अभ्यासकांना प्रिय आहेत. मला जड गेली, पुढे जाऊ.

आता ते गाणं. १९९५ साली आधी नियतकालिकात आलं, २०००मध्ये माओ दून पारितोषिक मिळालं. नाव पो च्यूयीच्या जुन्या कवितेचं. नायिका वांग छीयाव ही लोंगतांगमधली, म्हणजे शांघायच्या गल्लीतल्या जोडघरांतली मुलगी. १९४६च्या सौंदर्यस्पर्धेत तिसरी येते, एका बड्या अधिकाऱ्याची रखेल होते, तो विमान अपघातात जातो. मग साध्या गल्लीत इंजेक्शनं देत ती चाळीस वर्षं काढते आणि शेवटी सोन्यासाठी गळा दाबून मारली जाते. पहिली काही प्रकरणं गल्ली, कुजबुज, कबुतरं यांवरच आहेत, माणसाचा पत्ता नाही. ती पानं मोठ्या लेखिकेचीच. पण कादंबरी आली तेव्हा शांघायला जुन्या दिवसांचा उमाळा चढला होता. फूतोंगला टॉवर उठत होते, जुन्या गल्ल्या पडत होत्या आणि कॅफेंच्या भिंतींवर तीसच्या दशकातल्या कॅलेंडर-सुंदऱ्या लागत होत्या. त्याच साली जुन्या शांघायच्या कथाकार चांग आयलिंग अमेरिकेत वारल्या. लोकांना वारस हवा होता. वांगबाई हाताशी होत्या. २००५ला स्टॅन्ली क्वाननं सिनेमा काढला आणि शिक्का कायमचा बसला. बाईंनी स्वतः हा वारसा कधी आनंदानं स्वीकारला नाही. आणि पुस्तक नीट वाचलं तर ते उमाळ्यावरच उलटतं. छीयावचा जीव जातो तो तिच्या जुन्या वैभवाच्या दंतकथेपायीच.

'फू पिंग' २००० सालची. काळ साठच्या दशकाचा. यांगचौकडच्या खेड्यातून एक पोरकी मुलगी शांघायला येते. जिच्या दत्तक नातवाशी तिचं लग्न ठरलंय ती 'आजी' तीस वर्षं हुआयहाय रस्त्याच्या भागात घरकामाला आहे. आजीची बोली आता धड यांगचौची राहिली नाही, धड शांघायची झाली नाही. कुठल्या घरी काम धरायचं, कुठल्या नाही, याचे तिचे कडक नियम आहेत. तिचा तोरा मालकिणीला लाजवील. शांघायच्या या घरांना पुढचं दार असतं, पण वर्दळ मागच्या दारानं, स्वयंपाकघरातून चालते. कादंबरीही तिथूनच आत शिरते. मोलकरणी, दुरुस्तीवाले, शेजारच्या पोरी अशा एकेका माणसावर एकेक प्रकरण. मुंबईत 'घाटी' या शब्दात जे सगळं भरलेलं असतं, ते शांघायवाल्यांच्या तोंडी 'सुबेईवाला' या शब्दात भरलेलं असतं. यांगचौ सुबेईतच येतं.

फू पिंग बोलत नाही. या मुलीचं न बोलणं हा कादंबरीचा कणा आहे. आजीला वाटतं पोर मठ्ठ आहे. पोर सगळं पाहत असते. एक दिवस ती आपल्या मामाला शोधून काढते. मामा सूचौ खाडीवर कचऱ्याच्या होड्या चालवतो, राहतो झोपडवस्तीत. ही खाडी जिथे हुआंगफू नदीला मिळते, त्याच्या जवळच 'बंड' नावाच्या नदीकाठच्या रस्त्यावर ससून हाउस उभं आहे, आपल्या ससून डॉकवाल्यांच्याच घराण्यातल्या व्हिक्टर ससूननं १९२९ साली पुरं केलेलं. शांघायचा उमाळा काढणारे त्या इमारतीपाशी थांबतात. वांगबाई खालच्या होडीत बसतात. कचरा कसा भरतात, होडीवर कोण कुणाला सांभाळून घेतं, शहरात हिणवली जाणारी ही माणसं आपसांत किती ऐटीत राहतात, हे त्या इतक्या निवांतपणे सांगतात की वाचणारा घाई विसरतो.

ठरलेलं लग्न फू पिंग मोडते. भाषण नाही, बंड नाही. नवऱ्याकडच्या मोठ्या कुटुंबाचं ओझं तिनं मनात मोजलेलं असतं. पुढे ती एका पायानं अधू मुलाकडे आणि त्याच्या विधवा आईकडे जाते. मायलेक कागदी खोकी चिकटवून पोट भरतात, गरिबीची लाज बाळगत नाहीत. ती त्यांच्या शेजारी बसते आणि खोकी चिकटवू लागते. निवड तिची, काम तिचं. 'यात घडतं काय?' असं मला एका समीक्षकानं विचारलं होतं. मोलकरीण आणि होडीवाला यांच्या आयुष्यात काही घडतं, हे ज्यांना दिसतच नाही त्यांना काय सांगायचं!

नंतरच्या पुस्तकांत मला हाच धागा दिसतो. २०११ची 'थ्यान श्यांग' मिंग काळातल्या भरतकामावर आहे. श्रीमंत घरच्या बायकांचा विरंगुळा घर बुडाल्यावर पोटापाण्याचा धंदा कसा होतो, ते सुईच्या टाक्याटाक्यानं सांगते. 'अनामिक'मधल्या स्मृती हरवलेल्या माणसाचं तत्त्वचिंतन फार लांबलंय. तिथे मी पानं उलटली. अलीकडच्या 'एक सुरी, हजार अक्षरं'मध्ये न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमध्ये राबणारा आचारी आहे. स्वयंपाक, हजामत आणि पायांची निगा या यांगचौच्या तीन सुऱ्यांपैकी पहिली त्याच्या हातात आहे. म्हणजे बाई फिरून यांगचौलाच आल्या.

आपल्याकडे काय? ऑक्टोबरात नोबेल जाहीर व्हायच्या आधी आठवडाभर चिनी लेखकांची नावं उगवतात आणि निकालानंतर मावळतात. एके काळी फोर्टातल्या फुटपाथवर बेजिंगहून आलेली पांडा बुक्सची पातळ पुस्तकं मिळत. त्यांतच बाईंची 'काळ सरताना' हाती लागली होती. सांस्कृतिक क्रांतीत पैसेवाल्या घरची सून पहाटे बाजारात रांग लावायला शिकते, ती गोष्ट. पुस्तक घेतलं की त्यावर भांडायला दोन माणसं संध्याकाळी हमखास भेटत. आता भांडायला माणूस मिळत नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो मात्र सगळ्यांकडे असतो.

'फू पिंग'चं हॉवर्ड गोल्डब्लॅट यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर २०१९ साली आलं. पुण्या-मुंबईत चिनी शिकलेली तरुण मंडळी आज कंपन्यांत दुभाष्याचं काम करतात. त्यांतल्या कुणी ही कादंबरी थेट चिनीतून मराठीत आणायला घेतली, तर संपादकांमार्फत मला कळवावं. प्रकाशक मी गाठून देईन, आणि प्रस्तावना लिहिणार नाही.