डिझेल फिल्टर घरी बदलताना

गाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. अम्मीला दवाखान्यात न्यायचे, बहिणीला सासरहून आणायचे, शादीसाठी गावी जायचे, सगळे तिच्याच भरवशावर. अशी गाडी भर पावसात आंबोलीच्या घाटात, घरची माणसे आत बसलेली असताना दम तोडते, तेव्हा कारण पुष्कळदा लहानसे असते : तुंबलेला फिल्टर. डिझेल गाडीचा फिल्टर घरी बदलता येतो. मात्र कोणत्या गाडीला हात लावायचा आणि कोणत्या गाडीला नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवे.

फिल्टर काय करतो?

डिझेलमध्ये बारीक कचरा, गंज आणि पाणी असू शकते. टाकी बराच काळ अर्धी रिकामी राहिली की आतल्या दमट हवेचे पाणी होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे जास्त घडते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे फिल्टरच्या तळाशी साचते. फिल्टर हे पाणी अडवतो आणि केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाइतके कणही अडवतो.

हे महत्त्वाचे का? कारण इंजिनच्या पंपाला वंगण म्हणून दुसरे काही नसते, डिझेलच त्याचे वंगण. त्यात पाणी गेले की पंप आणि इंजेक्टर घासून खराब होतात. त्यांच्या दुरुस्तीच्या खर्चापुढे फिल्टरची किंमत काहीच नाही.

चढावर पिकअप न मिळणे, गाडीने झटके देणे, सकाळी उशिरा चालू होणे, पाण्याचा इशारा देणारा दिवा लागणे, ही फिल्टर तुंबल्याची लक्षणे आहेत. पण लक्षणांची वाट पाहू नका. गाडीच्या पुस्तिकेत किती किलोमीटरनंतर फिल्टर बदलायचा ते दिलेले असते. तो आकडा पाळा.

कोणत्या गाडीला हात लावू नये?

पेट्रोल गाडीचा फिल्टर घरी बदलू नका. अनेक नव्या गाड्यांत तो टाकीच्या आत, पंपासोबतच असतो. शिवाय इंजिन बंद केल्यावरही नळीत दाब शिल्लक राहतो. नळी सैल करताच पेट्रोलची चिळकांडी उडते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबची ठिणगीही तिला पुरते. सीएनजीची गोष्ट तर त्याहून गंभीर. भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाब असतो. आपल्या टायरमध्ये जेमतेम दोन-सव्वादोन बार. ते काम अधिकृत केंद्रातच व्हावे.

कामाची तयारी

गाडी मोकळ्या, सपाट जागी लावा. हँडब्रेक ओढा आणि चाकाखाली वीट ठेवा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. जवळपास चूल, उदबत्ती, बिडी-सिगारेट काहीही नको. लहान मुलांना लांब ठेवा. हाताशी वाळूची बादली किंवा कोरड्या पावडरचे अग्निशामक असू द्या. तेलाच्या आगीवर पाणी मारायचे नसते, आग पसरते.

फिल्टर घेताना गाडीचे मॉडेल आणि वर्ष दुकानदाराला सांगा. सोबत नवी रबरी रिंग मिळते का ते पाहा.

आता काम

१. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. नळ्या कशा जोडल्या आहेत त्याचा मोबाइलवर फोटो घ्या.

२. फिल्टरभोवतीची जागा पुसून काढा, नाहीतर तिथली धूळ नळीत जाईल. खाली पसरट भांडे ठेवा. तळाशी स्क्रू असेल तर तो सैल करून पाणी आणि डिझेल काढून घ्या.

३. सेन्सरची तार सोडवा, क्लिप दाबून नळ्या काढा आणि त्यांची तोंडे स्वच्छ प्लास्टिकने झाका.

४. नव्या रबरी रिंगला थोडे स्वच्छ डिझेल लावा. बाणाची दिशा पाहून नवा फिल्टर बसवा. जुना सेन्सर नव्या फिल्टरवर लावायचा असेल तर विसरू नका. कॅनमधले डिझेल वरून फिल्टरमध्ये ओतू नका. न गाळलेले डिझेल थेट पंपाकडे जाऊ शकते.

५. नळ्या जोडा आणि बॅटरीची तार लावा. आता नळीतली हवा काढायची. हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी काही सेकंद ऑन करून बंद करा, असे पाच-सहा वेळा करा. मगच स्टार्टर मारा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये थोडे थांबा.

६. गाडी चालू झाली की पाच मिनिटे फिल्टरचे जोड पाहा. ओल दिसली तर इंजिन बंद करून जोड पुन्हा बसवा.

एक गोष्ट कधीच करू नका

गाडी चालू होत नाही म्हणून इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांचे नट सैल करू नका. जुन्या गाड्यांवर काम केलेले उस्ताद हवा काढायला तसे करत. आजच्या कॉमन रेल इंजिनमध्ये त्या नळ्यांत १६०० बार किंवा त्याहूनही जास्त दाब असतो. तिथली डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, फारशी दुखतही नाही, पण आत हात सडू शकतो. म्हणून गळती बोटाने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून पाहायची. चुकून धार लागलीच तर उद्यावर न टाकता लगेच मोठ्या रुग्णालयात जा आणि डिझेल आत शिरले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

काम झाल्यावर

काढलेले डिझेल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका. बंद डब्यात भरून ते आणि जुना फिल्टर गॅरेजवाल्याकडे द्या. तेलकट चिंध्या घरात साठवू नका. पुस्तिकेच्या मागच्या पानावर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा.

हे काम घरातल्या मोठ्या मुलाला आणि मुलीलाही बाजूला उभे करून दाखवा. पुढे पाना त्यांनी हातात घेतला नाही तरी हरकत नाही. गॅरेजमध्ये काय विचारायचे आणि कुठे बोट घालायचे नाही, एवढे त्यांना कळले तरी पुष्कळ झाले.